बसून ऐकायचा परण्या

माणसं पैठणला गोदावरीत बुडी मारायला जातात, पैठणी घ्यायला जातात, थंडीत धरणावर पाहुणे पक्षी बघायला जातात. आम्ही दोघं गेलो ते नणंदेला नाचवायला. चिपळूणला आमच्या आळीत मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी "प्रकृती बरी आहे ना?" असं विचारलं. कुणाची, ते काही विचारलं नाही.

हे प्रकरण समजायचं तर आधी परण्या समजायला हवा. आमच्या कोकणात लग्नाचा मुहूर्त असतो आणि त्या मुहूर्ताला लग्न लागतं. नवरामुलगा आधीच येऊन पाटावर बसलेला असतो आणि भटजी मनगटावरचं घड्याळ बघत असतात. मराठवाड्यात तसं नाही. तिथं लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसतो आणि बँड लावून गावच्या मारुतीला जातो. याला परण्या म्हणतात. मारुती हाकेच्या अंतरावर असतो, पण जाऊन यायला अर्धा दिवस लागतो. कारण घोड्यापुढं नवरदेवाचे मित्र, मावसभाऊ आणि मित्रांचे मावसभाऊ नाचत असतात, आणि नाचणारा माणूस पुढं सरकत नाही. मग मागून वडीलधारे ओरडतात, "चला पुढं, मुहूर्त टळतोय!" ते ऐकलं की बँडवाले चार पावलं पुढं टाकतात आणि पुन्हा उभे राहतात.

माझं लग्न पैठणलाच झालं. चाळीसेक वर्षं झाली त्याला. माझे वडील तेव्हा धरणाच्या कचेरीत कारकून होते आणि आमचे हे पक्के पैठणचे. मी हळदीच्या अंगानं, शालूत गुंडाळलेली बसले होते आणि लांबून बँड ऐकू येत होता. आता जवळ आला म्हणावं, तर पुन्हा तिथंच. असं करता करता मुहूर्त निघून गेला. वडील दारात उभे राहून 'चला पुढं' ओरडून ओरडून घोगरे झाले, पण त्यांचं ऐकतो कोण! तो बँड होता गुल-ए-दख्खन. त्या दिवसापासून माझा त्याच्यावर राग आहे आणि मी तो नीट जपून ठेवला आहे.

आक्कांचं दुःख वेगळं. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लहानपणी गावात गुल-ए-दख्खन आला की त्या हातातलं काम टाकून माळवदावर पळायच्या आणि खाली चाललेला नाच वरून बघायच्या. मुलींनी परण्यात नाचायची तेव्हा पद्धत नव्हती. परण्यात मुलगी असायची ती एकच, नवरदेवाची करवली. म्हणून भावाच्या लग्नाची त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. लग्न ठरलं, आक्का करवली झाल्या, आणि घोड्यामागं उभ्या राहिल्यावर कुणीतरी त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला कलश दिला. करवलीनं पाणी सांडलं तर अपशकुन. आक्कांनी थेंब सांडला नाही आणि पाऊलही नाचवलं नाही. पुढच्या लग्नात बघू म्हणाल्या. पुढच्या लग्नाच्या आधी बँड फुटला.

त्यानंतर कुटुंबात कितीतरी लग्नं झाली. डीजे आले, लायटिंगचे ट्रक आले. पोरींनी, सुनांनी आक्कांचे हात धरून ओढलं. आक्का हलल्या नाहीत. "नाचीन तर गुल-ए-दख्खनम्होरं," असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

यंदा दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "बापू, बँड एक झाला. शहरात प्रोग्राम ठिवलाय. तू यायलास का नाय?" ह्यांना पैठणची माणसं बापू म्हणतात. हे काही बोलायच्या आत त्या पुढं म्हणाल्या, "माझा गुडघा आजून एक हंगाम चालंल. फुडचं सांगता यायचं नाय." हे उठले ते थेट बाजारात गेले आणि स्वतःसाठी कॅनव्हासचे नवे बूट घेऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या लग्नात सगळं गाव नाचलं. मी एकटा घोड्यावर. मला नाचायचं नसेल का?"

पैठण

चिपळूण ते पैठण हा प्रवास मी वर्णन करत नाही. बस होती, ती पोचली.

आक्का अंगणातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू, अंगात नऊवारी आणि पायात पांढरेशुभ्र खेळाडूंचे बूट. मी बुटांकडं बघतेय हे पाहून म्हणाल्या, "नातवाचे हायेत. त्याला लहान व्हायलेत, मला बसले."

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळून केलेली पूड. आमच्याकडं आमटीत कोकम आणि गुळाचा खडा पडतो आणि ती जिभेशी गोड बोलते. येसर बोलत नाही, डोक्यात हाणतो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आक्कांना वाटलं, मला वडिलांची आठवण झाली. त्यांनी मायेनं आणखी एक पळी वाढली.

संध्याकाळी माळवदावर सराव झाला. आता इथं एक अडचण निघाली, ती आधी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आक्कांनी जन्मभर नाच पाहिला होता तो वरून. त्यामुळं डोकी कशी डोलतात, हात कुठून कुठं जातात, रुमाल कधी फडकवायचा हे त्यांना चोख ठाऊक होतं. पाय काय करतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी नाचून दाखवलं तेव्हा कमरेच्या वर परण्या होता आणि कमरेच्या खाली बाई भाजी घ्यायला उभी होती.

"बापू, पायाचं सांग की," त्या म्हणाल्या.

"मला काय इचारतीस? मी घोड्यावर व्हतो." पैठणला पोचल्यावर ह्यांची भाषा तासाभरात बदलते.

"आरं मग दिसलं आसंल की वरून!"

"मुंडावळ्या व्हत्या डोळ्याम्होरं. मला घोड्याचे कान तेवढे दिसले."

भाऊबहीण दोघंही वरून बघणारेच निघाले. मला फुगडी येते, झिम्मा येतो, पण मी गप्प राहिले. त्या बँडसाठी पाय उचलायची माझी इच्छा नव्हती. फक्त गुडघ्याचं विचारलं. डॉक्टर काय म्हणाले?

"मांडी घालू नका म्हनला. जिने चढू नका म्हनला. नाचू नका आसं काय म्हनला नाय."

"तुम्ही विचारलंत का त्याला?"

"कशाला इचारू? नाय म्हनला आसता."

शहर

आक्का संभाजीनगरला नुसतं 'शहर' म्हणतात, दुसरं शहर जगात नसल्यासारखं. सकाळच्या एसटीनं निघालो. खिडकीबाहेर दूरवर सपाट काळी जमीन, मधे ज्वारी, मधे मोसंबीच्या बागा. कोकणातल्या माणसाला एवढं आभाळ एकदम बघायची सवय नसते. डोंगर आडवा आला नाही तर आम्हाला उघड्यावर बसल्यासारखं वाटतं.

क्रांती चौकात उतरलो तेव्हा गाड्यांच्या गर्दीत आक्का नऊवारीत आणि बुटांत अशा सरळ चालत सुटल्या की रिक्षा थांबल्या. आधी मास्तरांना भेटायचं होतं. बँडच्या पुढाऱ्याला मास्तर म्हणतात आणि या बँडला दोन मास्तर. काशिनाथ मास्तर क्लॅरिनेटवर, युसुफ मास्तर ट्रम्पेटवर. गल्लीत समोरासमोर दोघांची दुकानं. एकावर पाटी 'असली गुल-ए-दख्खन', दुसऱ्यावर 'ओरिजिनल गुल-ए-दख्खन'. दोन्ही पाट्यांवर मोर तोच. एकाच पेंटरनं दोघांकडं काम केलं होतं.

आक्कांनी धपाट्यांची दोन पुडकी केली होती, सारख्या वजनाची. आधी युसुफ मास्तरांकडं गेलो. उंच, वाळका माणूस, दाढी मेंदीनं लाल.

"आओ आपा, आओ! बैठो!" त्यांनी खुर्च्या पुढं केल्या आणि आम्ही न विचारता इतिहास सांगायला बसले. त्यांचे वडील निजामाच्या फौजेच्या बँडात होते. पोलीस ॲक्शन झालं, फौज गेली, बँड गेला, वडील ट्रम्पेट घेऊन घरी बसले. शेजारी काशिनाथ मास्तरांचे वडील सनई वाजवत. दोघांनी मिळून लग्नाचा बँड काढला. "अब्बा फौजी आदमी. बोलते थे, सुर छाती में रैता, ताल पाँव में रैता. खडे खडे बजाये तो मारते थे हमकू. चलो, चलते चलते बजाओ!"

त्या दोघांनी मिळून एक चाल बांधली होती, मारुतीची चाल. परण्या मारुतीजवळ आला की शेवटच्या वळणावर ती वाजायची. क्लॅरिनेट सवाल करायचं, ट्रम्पेट जवाब द्यायचं. बँड फुटल्यावर एकाकडं नुसते सवाल उरले आणि दुसऱ्याकडं नुसते जवाब, म्हणून ती चाल बंदच पडली. आक्कांना तीच ऐकायची होती, तिच्यावरच नाचायचं होतं.

"मग आज वाजवनार नव्हं मास्तर?"

"बजाते ना आपा! मेरा जवाब तय्यार है. उन्का सवाल देखो तुम."

आम्ही गल्ली ओलांडून समोर गेलो. काशिनाथ मास्तर ठेंगणे, गोल, टोपीवाले. त्यांनी धपाट्याचं पुडकं हातात घेऊन तोललं आणि समोरच्या दुकानाकडं एकदा बघितलं.

"माझा सवाल चोख हाय आक्का. त्येचा जवाब यील का न्हाई सांगता यायचं न्हाई. दात बशिवलेत त्येनं."

"पण सराव झाला ना एकत्र?" मी विचारलं.

"झाला की! म्हैनाभर झाला. मी हितं वाजविलं, त्येनं तितं वाजविलं. दारं उघडी ठिवली व्हती."

बँड फुटला का, हेही तिथंच कळलं. कुठल्याशा लग्नात गल्ली इतकी अरुंद होती की एका वेळी एकच मास्तर पुढं चालू शकत होता. पुढं कोण चाललं यावर दोघांचं अजून एकमत नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी बँडाचे दोन बँड झाले. आता ते जुळवले होते एका वकीलसाहेबांनी. त्यांचाही परण्या याच बँडनं नेला होता. त्यांनी तोडगा काढला तो खास वकिली. बँड रंगमंचावर बसवायचा. चालायचंच नाही, म्हणजे पुढं कोण हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही मास्तरांनी मान्य केलं. मला तर ते फारच शहाणपणाचं वाटलं.

दुपारी जुन्या शहरातल्या एका हॉटेलात ह्यांनी नान खलिया, म्हणजे मटणाचा तिखट रस्सा आणि नान, खाल्लं, शिवाय माझ्या वाटचा नानही खाल्ला. मी दहीभात मागितला. वाढप्यानं तो आणला, पण माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आजारी आहे.

नाट्यगृह

कार्यक्रम दुपारी चारचा. नाट्यगृहाच्या फाटकात एक सजवलेली पांढरी घोडी उभी केली होती, शेजारी उभं राहून फोटो काढायला. आत शिरताना प्रत्येक पुरुषाला फेटा बांधत होते. हे सगळे कोण, तर गुल-ए-दख्खननं ज्यांचा परण्या नेला ते नवरदेव. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या कानात यंत्र, कुणी काठी टेकत आलेलं, आणि प्रत्येकाबरोबर त्याची ती नवरी. एकमेकांना ओळख विचारायची रीतही वेगळी. नाव नाही, गाव नाही. "तुमचा घोडा काळा का पांढरा?" असं विचारत होते.

तिकिटांवर खुर्च्यांचे नंबर होते, पण ते कुणी पाहिले नाहीत. काशिनाथवाले डावीकडं बसले, युसुफवाले उजवीकडं, मधे वाट, अगदी वरपक्ष आणि वधूपक्षासारखे. आम्ही मधल्या वाटेच्या कडेला बसलो. आक्कांनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या.

वकीलसाहेब माईकवर आले. काळा कोट, वर गुलाबी फेटा. स्वागत झालं, सत्कार झाले, आणि मग ते म्हणाले, "रसिकांना नम्र विनंती. नाट्यगृहाच्या नियमानुसार कुणीही खुर्ची सोडू नये. नाचू नये. बसून आनंद घ्यावा."

आक्का माझ्याकडं वळल्या. "बसून? परण्या बसून ऐकायचा?"

"असेल काहीतरी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एवढ्या लांबून आणलेली सगळी आशा त्या चेहऱ्यावरून एका क्षणात उतरली, ते मला बघवेना. फुटलेला बँड जुळला, गुडघा टिकला, आणि आता एका खुर्चीपायी सगळं अडलं होतं.

पडदा वर गेला. लाल डगले, सोनेरी झालरी, मधे दोन्ही मास्तर, आणि सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. टाळ्यांनी छप्पर हललं. पहिल्या ताशावर सभागृहाचं भानच सुटलं. पुढच्या ओळीतल्या एका बाईनं पर्स उघडली, मूठभर अक्षता काढल्या आणि रंगमंचावर फेकल्या. मग जिकडून तिकडून तांदूळ. बायका घरून पुड्या बांधूनच आल्या होत्या. काही दाणे ट्रॉम्बोनच्या तोंडात गेले. आमच्या मागं एक गृहस्थ हुंदके देऊन रडत होते आणि त्यांची बायको म्हणत होती, "लग्नात न्हाई रडला, आन् आता रडायलाय!" डावीकडचा एक जण रुमाल दातात धरून खुर्चीवर चढला. त्याला दोघांनी खाली बसवलं. तो बसला, पण रुमाल काही त्यानं सोडला नाही.

आणि तेवढ्यात सगळं बिनसायला लागलं. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात ढोल पुढं पळाला, झांजा मागं राहिल्या. बँडवाले एकमेकांच्या पायांकडं बघत होते आणि पाय खुर्चीखाली दुमडलेले होते. जन्मात कधी बसून न वाजवलेली माणसं ती. ताल पायात ठेवा असं त्यांना फौजी वस्तादानं मारून शिकवलेलं, आणि वकिलांनी तेच पाय काढून घेतले होते. मग मारुतीची चाल सुरू झाली. काशिनाथ मास्तरांचा सवाल अजून संपतोय तोच युसुफ मास्तरांचा जवाब येऊन आदळला. पुन्हा सुरू केलं. आता सवाल संपला तरी जवाब येईना. तिसऱ्यांदा दोघंही एकदमच सुरू झाले.

 उजवीकडून कुणीतरी म्हणालं, "सवालच चुकला." डावीकडून आलं, "जवाबाला दात न्हाईत." काशिनाथ मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. युसुफ मास्तर रुमालानं तोंड पुसत राहिले. इतक्या वर्षांनी एकत्र बसलेले ते दोघं म्हातारे एकमेकांकडं न बघता समोर बघत होते. मला त्या बँडचा राग होता, पण त्या दोघांची मला मनापासून दया आली.

आक्कांनी माझा हात घट्ट धरला. "सुमन, संपलं का गं?"

मग मी काय केलं ते मलाच नीट सांगता येत नाही. मी चिपळूणची बाई, नाट्यगृहात शिंकसुद्धा रुमालात देते. ती मी उभी राहिले आणि घसा फोडून ओरडले, "चला पुढं! मुहूर्त टळतोय!"

बँडवाल्याला हे शब्द ऐकू आले की त्याचं डोकं विचार करत नाही, पाय करतात. जन्मभराची सवय ती. ढोलवाला उठला. झांजवाले उठले. खुर्च्या मागं पडल्या आणि सगळा बँड एका पावलावर रंगमंचाच्या कडेकडं चालू लागला. ताल जागच्या जागी येऊन बसला. वकीलसाहेब माईकवर "बसून, बसून" म्हणत राहिले, पण ढोलापुढं त्यांचा आवाज पोचेना.

रंगमंचावरून खाली यायला एक लाकडी जिना होता, जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. तिथं दोन्ही मास्तर एकदमच पोचले आणि थांबले. मागचा बँड जागेवर पावलं टाकत राहिला.  पुन्हा तीच अरुंद गल्ली! दोघंही दुसऱ्याला वाट देईनात आणि स्वतः पुढंही जाईनात.

आक्का उठल्या. मधल्या वाटेनं, गुडघ्यावर हात ठेवून, जिन्यापर्यंत गेल्या.

"कोन फुडं, कोन मागं, काय लावलंय? बँडाम्होरं नाचनारा आसतोय. फुडं मी हाय. तुमी दोघं माझ्या मागं. या!"

यावर दोघांचाही आक्षेप नव्हता. काशिनाथ मास्तर एक पायरी उतरले आणि वळून त्यांनी युसुफ मास्तरांना हात दिला. गुडघे दोघांचेही तसलेच. हातात हात धरून, तिरपे होऊन, दोघं एकदमच खाली आले. टाळ्या पडल्या त्या दोन्ही बाजूंनी.

बँड फाटकाबाहेर आला आणि मागोमाग सगळे फेटे. पण तिथं काशिनाथ मास्तर पुन्हा थांबले. "नवरदेव कुठंय? नवरदेवाबिगर परण्या काढायचा? मारुतीला काय सांगनार?" युसुफ मास्तरांनीही मान हलवली. "सही बात है. बगैर दुल्हे के अपन एक कदम नै चलते." बऱ्याच वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

घोडी समोरच उभी होती. नवरदेवांचाही काही तोटा नव्हता, सगळं सभागृह नवरदेवांनी भरलेलं. पण चढायला एक तयार होईना. "तुम्ही बसा." "छे छे, मान तुमचा." काठीवाले गृहस्थ काठी लपवून म्हणाले, "मला पाठीचा त्रास आहे." सगळ्यांना एकदा घोड्यापुढं नाचायचं होतं. मग कुणाला तरी सुचलं, आज बँड चालला तो या आक्कांमुळं. मान त्यांचाच! लगेच सगळे कबूल झाले. दोघं तिघं खुर्ची घेऊन धावले. कौतुकानं त्यांना उचलूनच वर बसवायच्या बेतात होते.

"नगं! आरं मला नगं!" आक्का मागं सरकत होत्या. "घोड्यावर बसल्यालं मानूस नाचत न्हाई!" पण ढोलाच्या आवाजात आणि प्रेमाच्या भरात त्यांचं कोण ऐकणार? चांगल्या मनाची माणसं अडवायला फार कठीण. मी पुढं घुसायला लागले, तर मधे हे उभे.

ह्यांनी एकदा आपल्या नव्या कॅनव्हासच्या बुटांकडं बघितलं. मग खुर्ची स्वतःकडं ओढली. "मी बसतो," म्हणाले.

"बापू, तू नाचायला आला व्हतास."

"तू नाच गं आक्का."

एवढंच बोलणं झालं. माझा नवरा काही फार गोड बोलणारा माणूस नाही. चाळीस वर्षांत मी त्याच्याकडून गोड शब्दांची अपेक्षाही सोडून दिली होती. त्या क्षणी मात्र मला तो घोड्यावर चढायच्या आधीच फार उंच दिसला. चढणं तसं सोपं गेलं नाही. खुर्ची डगमगली, तिघांनी खालून लोटलं, पहिल्यांदा हे घोडीच्या पलीकडं उतरले आणि दुसऱ्या खेपेला बसले. कुणीतरी कुठूनशा मुंडावळ्या बांधल्या. कट्यार नव्हती, म्हणून हातात घडीची छत्री दिली.

मारुती रस्त्याच्या टोकाला होता, एका चहाच्या टपरीमागं. उन्हं उतरली होती. ढोल पडला, बँड चालू लागला, आणि काशिनाथ मास्तरांनी सवाल टाकला. लांब, एका दमात, वर वर जाणारा. तो जिथं संपला तिथं युसुफ मास्तरांचा जवाब उभाच होता, नव्या दातांसकट. लोकांच्या तोंडून एकच 'आहा' निघाला.

आक्का सगळ्यांच्या पुढं होत्या. कमरेच्या वर त्यांना सगळं येतच होतं. कमरेखालचं बँडनं शिकवलं. तो अंगावर चालून येत होता, म्हणून त्यांना मागं मागं पाऊल टाकावं लागत होतं, आणि ते पाऊल ढोलावर पडत होतं. पदर खोचलेला, पांढरे बूट, हातात रुमाल. डोळे मिटलेले. फेटेवाल्यांनी त्यांच्याभोवती कडं केलं आणि मग नवऱ्याही शिरल्या, ज्यांनी आपापल्या लग्नात हा बँड नुसता लांबून ऐकला होता. मीही शिरले. इतकी वर्षं जपलेला राग मला ऐनवेळी सापडला नाही. रिक्षावाले थांबून तालात भोंगे वाजवत होते. मागं घोडीवर आमचे हे छत्री उंच धरून 'मुहूर्त टळतोय' म्हणून ओरडत होते, आणि आम्ही मुळीच पुढं सरकत नव्हतो.

मारुतीजवळ नारळ फुटला. बँड थांबला तशी दोन्ही मास्तरांची जुंपली. काशिनाथ मास्तरांच्या मते जिन्यावर पहिला पाय त्यांचा पडला होता. युसुफ मास्तर म्हणत होते, "हात किसने दिया, वो छोडो. नीचे पैले कौन आया वो बोलो!" वकीलसाहेब कपाळाला हात लावून टपरीवर बसले.

आक्का गुडघा चोळत होत्या. त्यांनी वर बघितलं. "भांडा की. पन चालत भांडा, आन् वाजवत भांडा. आजून परतीचा परण्या ऱ्हायलाय."

परत पैठण

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा गुडघा टम्म सुजला होता. त्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि मी निर्गुडीच्या पाल्यानं शेकत होते. शेजारी हे पोटावर आडवे, कारण त्यांना बसता येत नव्हतं. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलेलं. तिथली बाई दुधाचं भांडं घेऊन चालली होती, ती थांबली.

"काय झालं वो आक्का?"

"काय न्हाई. काल परण्यात नाचले."

"कुनाचा परण्या?"

आक्कांनी ह्यांच्याकडं बोट केलं. "माझ्या भावाचा."

बाईनं आडव्या पडलेल्या ह्यांच्याकडं पाहिलं. पिकलेले केस पाहिले, डोक्यावरून अजून न उतरवलेला फेटा पाहिला. मग तिची नजर माझ्याकडं वळली आणि मला वरपासून खालपर्यंत बघून झाल्यावर तिनं आवाज खाली आणला.

"आगं बाई! या वयात? आन् मंग पहिली?"

"हीच की पहिली," आक्का म्हणाल्या. "चांगली निघाली, म्हनून पुन्ना तिच्याशीच लावलं. पहिल्या येळंला मला नाचता आलं नव्हतं."